मरिगेत चालत येतो

दवाखान्यातल्या फ्रिजवर एनोसाचा जेवढा जीव आहे तेवढा आपल्यावर नाही, असं त्याची बायको दोरकस चारचौघांत सांगायची, आणि त्यात थोडंफार तथ्य होतं. बेटावरच्या दवाखान्यात तो आरोग्यसेवक होता. सकाळी दार उघडलं की सिस्टर ब्रिजेटला "गुड मॉर्निंग" म्हणण्याआधी तो फ्रिजवरचा आकडा बघायचा. मधल्या कप्प्यात जेलीफिशच्या विषावरचा उतारा असे, काचेच्या बोटभर कुप्यांमध्ये. फार गार झाला की वाया, कोमट झाला तरी वाया. जावयासारखे त्याचे लाड करावे लागत, आणि एनोसा स्वतः जावई असल्यामुळे त्याला त्यातलं कळत होतं.

त्या दिवशी सकाळी मेव्हणा आबेद कासवाच्या मांसाचं टोपलं घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहिला.

"दाजी, एका रात्रीचा प्रश्न आहे."

"नाही."

"अहो, ऐकून तर घ्या! घरातले फ्रिज भरले, शेजाऱ्यांचे भरले, पाद्रीबाबांचासुद्धा भरला. तुमच्या फ्रिजमध्ये चार बाटल्या आणि अख्खा कप्पा रिकामा. त्या मेंढीच्या रक्ताला माझ्या कासवाची जरा सोबत होईल."

उतारा मेंढीच्या रक्तापासून काढतात, हे एनोसानेच एकदा मुलांना सांगितलं होतं. तेव्हापासून सगळं बेट त्याला मेंढपाळ म्हणून चिडवायचं.

"मेव्हणे, दार चार वेळा उघडलं की आतली हवा बदलते. उद्या कुणाला डंख झाला तर तुमचं कासव टोचू का मी त्याला?"

आबेद हसत गेला खरा, पण तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. पाठ फिरली की हा माणूस मागच्या दाराने टोपलं आत सरकवणार, हे ओळखून एनोसाने फ्रिजच्या कडीला कुलूप घातलं आणि चावी दोरीत ओवून गळ्यात अडकवली.

घाई सगळ्यांनाच होती. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा दगड उघडायचा होता. म्हातारा जाऊन दोन वर्षं झाली होती. थडग्यावर संगमरवरी दगड बसवून तो रंगीत कापडांत गुंडाळून ठेवला होता. प्रार्थना होऊन कापडं उतरली की ती राबलेल्या जावयाला मिळायची आणि शोक संपायचा, मग जेवण आणि पहाटेपर्यंत नाच. मुख्य भूमीवरून, केर्न्सहून, टाउन्सव्हिलहून माणसं आली होती. आबेदही आला होता, नऊ वर्षांच्या लेकीला, झिपोराला, घेऊन. तिची आई केर्न्सला राहिली होती, तिला सुट्टी मिळाली नव्हती.

आणि या सगळ्याचा भार होता एनोसावर, कारण तो त्या घराचा मरिगेत होता. घरात कुणी गेलं की घरच्यांनी फक्त रडायचं. अंघोळ घालणं, खड्डा खणणं, पेटी उचलणं, आल्यागेल्याचं जेवण, सगळं जावयाने करायचं. आणि सगळ्यात आधी बातमी न्यायची. बातमी नेणारा मरिगेत धावत नाही, हाका मारत नाही. खाली मान घालून चालत येतो आणि समोर येऊन बसतो. तोंडाने "गेले" म्हणावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी एनोसा असाच चालत गेला होता आणि सासूबाईंसमोर चटईवर बसला होता. सासूबाईंना सगळं बेट आका म्हणतं, म्हणजे आजी. त्या सकाळी आकांनी त्याच्याकडे जसं पाहिलं होतं ते तो आजतागायत विसरला नव्हता.

दगड उघडेपर्यंत मरिगेतपण अंगावरून उतरत नाही. त्यामुळे दोन वर्षं सासरच्या घरी जायचं तर एनोसा कोपऱ्यावरूनच शीळ घालायचा. नुसताच चालत आला तर बायका छातीवर हात ठेवायच्या, हे त्याने एकदा पाहिलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेला तरी शीळ. पोरं म्हणायची, "आतोबा आले, वाफेचं इंजिन आलं." हसायचे सगळे, पण शीळ ऐकल्यावरच हसायचे.

तर दुपारी आकांच्या मागच्या अंगणात तो नमास करत होता. कच्च्या मासळीचे तुकडे, कांदा, मिरची, आणि ते बुडतील एवढं लिंबू नाहीतर व्हिनेगर. पाहुण्यांनी लिंबं सरबतातच संपवली होती. बादलीभर मासळी आणि तिच्या तळाशी घोटभर व्हिनेगर. आकांनी बोटावर थेंब घेऊन चाखला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "जावई, आंबट कमी आहे." जावयाच्या डोळ्याला डोळा देऊन सासू बोलत नाही, जावईही नाही.

दुकानाला कुलूप होतं. दुकानदार चर्चमध्ये उद्याच्या भजनांची तालीम करत होता. एनोसा परत येत होता तो होड्या पाण्यात सोडायच्या उतारावरून. तिथे खांबाला पांढरा पाइप बांधलेला आणि पाइपात व्हिनेगरची मोठी बाटली. ती कशासाठी आहे हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. डंख झाला की आधी तिथे धावायचं, व्हिनेगर ओतायचं, म्हणजे कातडीला चिकटलेल्या धाग्यांतलं उरलेलं विष तरी अंगात उतरत नाही. ती बाटली भरायचं काम एनोसाचंच. मुदत बघायचा, बदलायचा, पोरांनी पळवली तर आरडाओरडा करायचा.

त्याने बाटली उचलली. संध्याकाळी दुकान उघडलं की नवी ठेवू. दोन-तीन तासांनी काय आभाळ कोसळतंय?

फ्रिजला कुलूप घालणारा हाच माणूस. पण माणसाचं असंच असतं, पुढचं दार बंद करताना मागचं उघडं राहतं. नमास आंबट झाला, आकांनी मान हलवली, आणि एनोसा चर्चच्या आवारात दगडावरची कापडं नीट बांधायला निघून गेला.

किंचाळी ऐकू आली तेव्हा त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. पोरं दिवसभर किंचाळतात, पण हा आवाज वेगळा होता. वर चढला तो खाली उतरेचना. टाचण्या थुंकून तो धावत सुटला. धावतानाच त्याला पांढरा पाइप दिसला, आणि पाइपासमोर आबेद. आबेद पाइप दोन्ही हातांनी हलवत होता, वरून आत हात घालत होता, पुन्हा हलवत होता.

"बाटली कुठाय? दाजी, बाटली कुठाय?"

एनोसा त्याच्या बाजूने पुढे वाळूकडे धावला.

झिपोराला उकडायच्या रताळ्यांसाठी समुद्राचं पाणी आणायला पाठवलं होतं. मोठी भांडी घेऊन सगळेच त्या उतारावर उतरत होते, गुडघाभर पाण्यात जाऊन भरून आणत होते. तीही गेली, फक्त मांडीपर्यंत. दुपारच्या गढूळ पाण्यात जेलीफिश दिसत नाही, पाण्यासारखीच असते. दोरकसने तिला ओढून बाहेर काढलं होतं. आता ती वाळूवर होती, आकांच्या मांडीवर डोकं, आणि दोन्ही पायांवर गुडघ्यापासून वर वळ उठले होते, तापल्या सळईने मारावं तसे. त्या वळांवर कांद्याचे काप, मिरच्या आणि मासळीचे तुकडे पडले होते. नमासची बादली बाजूला आडवी पडली होती.

आबेद पाइपात व्हिनेगर शोधत होता तेव्हा व्हिनेगर कुठे गेलं हे म्हातारीने ओळखलं होतं. तिने अंगणातून बादली उचलून आणली आणि नातीच्या पायांवर ओतली होती. मिरचीसकट.

"मला बघू द्या, आका," एनोसा गुडघ्यांवर बसत म्हणाला. मांडीच्या मागच्या बाजूला अजून धागे चिकटले होते, काचेच्या दोऱ्यासारखे. त्याने हात पुढे केला.

"तुम्ही नको."

"आका, धागे काढायला हवेत. तिला दवाखान्यात—"

"हा हात नको!" म्हातारी किंचाळली. तिने पोरीला छातीशी ओढलं. "दगड अजून बांधलेला आहे. ह्याच हाताने त्यांना धुतलंत तुम्ही. सिस्टरला बोलवा. कुणालाही बोलवा. ह्या हाताने माझ्या पोरीला शिवू नका!"

आणि एनोसा थांबला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, म्हातारीचं काय ऐकायचं. पण एनोसा त्याच वाळूत वाढलेला होता. दवाखान्यात तो नाडी बघायचा आणि संध्याकाळी चर्चमागून जाताना थडग्यांकडे पाठ करायचा नाही. आकांच्या तोंडून जे निघालं ते त्याच्या मनात पाइप पाहिल्यापासून फिरत होतं. ह्याच हाताने म्हाताऱ्याचे डोळे मिटले. ह्याच हाताने बाटली उचलली. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं आणि त्याला त्या हाताची भीती वाटली, खरीखुरी, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. हात खाली गेला.

दोरकस ओरडली, "अहो, बघता काय!" आबेद धावत आला, "दाजी! दाजी, करा ना काहीतरी!" झिपोराची किंचाळी चालूच होती. मग ती थांबली.

किंचाळी भयंकर होती, पण तिचं थांबणं त्याहून भयंकर होतं. एनोसाला ते माहीत होतं आणि तिथल्या दुसऱ्या कुणालाच नव्हतं. आबेद तर म्हणालासुद्धा, "कमी होतंय का, बाळा?" पोरीचे ओठ राखाडी झाले होते. डोळे अर्धे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते.

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत एनोसा सासूच्या समोरून आडवा गेला नव्हता. आता त्याने तिच्या हातांत हात घातले, एकेक बोट उकलून काढलं आणि पोर हिसकावून घेतली. म्हातारीने त्याच्या दंडाला नखं लावली. तो उठला, आबेदला म्हणाला, "गाडी!" आणि मागच्या हौद्यात उडी मारून बसला. वाटेत त्याने रुमालाने ते धागे ओढून काढले. त्याच्या बोटांना आग लागली. ती आग त्याला बरी वाटली.

दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात तो झिपोराच्या तोंडात श्वास फुंकत होता आणि प्रत्येक खड्ड्याला आबेदला शिव्या घालत होता.

सिस्टर ब्रिजेट दारातच होती. ती टास्मानियाची, दोन वर्षांपासून बेटावर, आणि घाबरली की तिचा आवाज अगदी हळू व्हायचा. आता तो कसाबसा ऐकू येत होता.

"खाली ठेव. नाडी?"

"नाही."

"छाती दाब. थांबू नकोस. मी शीर शोधते."

एनोसाने पोरीच्या छातीवर तळहात ठेवला. तोच हात. किती लहान छाती ती, त्याच्या पंजाखाली अख्खी मावत होती. तो दाबू लागला. भिंतीवरच्या फोनमधून थर्सडे बेटावरच्या डॉक्टरांचा आवाज येत होता, हेलिकॉप्टर निघतंय, उतारा द्या, आहे तेवढा सगळा द्या.

सिस्टर फ्रिजकडे वळली आणि तिने कडी ओढली. कुलूप.

"एनोसा! हे काय आहे?"

"चावी गळ्यात—" तो म्हणाला, पण हात सोडता येत नव्हते. "घ्या! तोडा दोरी!"

तिने दोरी ओढली. दोरी चांगल्या मासेमारीच्या नायलॉनची होती, एनोसाच्या मानेत रुतली पण तुटेना. अडकलेला गळ सोडवावा तशी ती गाठीशी झटत होती, तो दाबत होता, दर दाबण्याला त्याचं डोकं खालीवर होत होतं. कासवाच्या टोपल्यासाठी घातलेलं कुलूप. मेंढपाळाचं शहाणपण. दारात उभा असलेला आबेद ते सगळं बघत होता आणि त्याला कळलं होतं की हे कुलूप त्याच्याचमुळे आहे. तो आत आला, त्याने वाकून दातांनी दोरी तोडली.

कुप्या बाहेर आल्या. सिस्टर एकेक फोडत होती, सुईत ओढत होती, शिरेत सोडत होती. पहिली. दुसरी. एनोसा दाबत होता. तिसरी. फ्रिजवरचा आकडा त्याने सकाळी पाहिला होता, बरोबर होता, रोज बरोबर असे. पण आता त्याला वाटू लागलं की तो आकडाच खोटा असला तर? मागच्या आठवड्यात जनरेटर बंद पडला होता तेव्हा? औषध पाणी झालेलं असलं तर? आणि औषध चांगलं असलं, पण हातच वाईट असला तर?

"मी थांबतो," तो एकदम म्हणाला. "सिस्टर, तुम्ही दाबा. मी सुई धरतो. माझा हात नको."

"काय बोलतोयस? दाब!"

"आका म्हणाल्या—"

"आकांना मी नंतर बघते. तू दाब, एनोसा. तुझ्याइतकं चांगलं मला येत नाही. दाब!"

तो दाबत राहिला. घाम डोळ्यांत जात होता. मनात तो म्हाताऱ्याशी बोलत होता, भांडत होता म्हणा ना. तुम्हाला धुतलं, बाबा, कपडे घातले, तुमच्या आवडीचा टाय बांधला, दोन वर्षं तुमच्या दगडासाठी राबलो. मला काही द्यायचं असेल तर उद्या कापडं-बिपडं काही देऊ नका. हे एवढंच द्या. तुमचीच नात आहे. तिला बोलावू नका, बाबा, तुम्हाला तिथे सोबतीला भरपूर माणसं आहेत.

"थांब," सिस्टर म्हणाली.

त्याने हात उचलले. ते हवेत तसेच राहिले. सिस्टरची दोन बोटं पोरीच्या मानेवर होती. मग तिने एनोसाचं मनगट धरलं आणि त्याचीच बोटं तिथे ठेवली. आधी त्याला स्वतःचीच धडधड लागली. मग तिच्या खाली दुसरी एक, बारीक, वेडीवाकडी, जाळ्यातल्या माशासारखी.

झिपोराने श्वास घेतला आणि ती रडू लागली. पुन्हा किंचाळू लागली म्हटलं तरी चालेल. एनोसा जमिनीवर बसला आणि त्याने ती किंचाळी डोळे मिटून ऐकली. आबेद भिंतीला तोंड लावून हुंदके देत होता.

दुखणं कमी करायचं इंजेक्शन भिनल्यावर पोर शांत झाली, पण या वेळची शांतता वेगळी होती. ओठांवर रंग आला होता. तिने डोळे किलकिले केले.

"आतोबा, माझ्या पायाला मासळीचा वास येतोय."

"येणारच. आजीने तुझा नमास केलाय."

"तिखट लागतंय."

"मिरच्या जास्त पडल्या, बाळा."

सिस्टर हसली, डोळे पुसत. "हेलिकॉप्टर यायला वेळ आहे. मी आहे, तिचा बाप आहे. तू पटकन जाऊन आकांना सांगून ये. म्हातारीचा जीव टांगणीला लागला असेल."

फोन करावा हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. एनोसा उठला आणि निघाला.

त्याचे पाय शिजवलेल्या सुरणासारखे झाले होते. शर्ट अंगाला चिकटला होता. विष लागलेली बोटं ठणकत होती म्हणून तो हात पोटाशी धरून चालत होता, आणि ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून मान खाली होती. मनात आनंद एवढा होता की त्याचं त्याला पेलवत नव्हतं. काय सांगायचं ते तो जुळवत होता. आका, ती बोलली. आका, तुमच्या नमासचं नाव काढलं तिने. कोपरा कधी आला आणि कधी मागे पडला हे त्याला कळलं नाही.

आकांच्या ओसरीवर सगळं घर चटयांवर बसलं होतं. आका दवाखान्यात गेल्या नव्हत्या. "बातमी आपल्याकडे येते, आपण बातमीकडे जात नाही," म्हणाल्या होत्या आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी त्याला कोपऱ्यावर पाहिलं. एकटा. खाली मान. चालत.

पहिला आवाज आकांचा नव्हता, दोरकसचा होता. त्याच्या स्वतःच्या बायकोचा. तिने तोंडावर हात घेतला आणि जो टाहो फोडला तो ऐकून एनोसाने मान वर केली. मग दुसरी, मग तिसरी, मग सगळ्या. दोन वर्षांपूर्वीच्या सकाळचा तोच आवाज, त्याच ओसरीवरून.

शीळ! त्याने ओठ जुळवले. तोंड कोरडं पडलं होतं, नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा. त्याने ओरडायचा प्रयत्न केला, पण इतका वेळ श्वास फुंकून आणि ओरडून त्याचा घसा बसला होता आणि समोर वीस बायका रडत होत्या. तो हात हलवू लागला, तर लांबून ते ऊर बडवल्यासारखंच दिसलं. रडणं वाढलं. तेव्हा तो धावला. उरलेला सगळा जीव पायांत आणून, दातओठ खात धावला, फाटकाला धडकला, अंगण ओलांडलं, आणि ओसरीच्या पायरीशी त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. तो आकांच्या समोर चटईवर मटकन बसला.

मरिगेत बसतो तसा. बरोब्बर तिथेच.

आका रडत नव्हत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या, सरळ डोळ्यांत, आणि त्यांचा चेहरा हळूहळू विझत चालला होता. एनोसाच्या छातीत श्वास मावत नव्हता, शब्द निघत नव्हता. त्याने काय करावं? त्याने हात पुढे केला, तोच नको असलेला हात, आणि तिच्या हातावर बोटं ठेवून ठोके दाखवले. टक टक. टक टक. टक टक.

म्हातारीला कळलं. तिने दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आहे?"

एनोसाने मान हलवली. "आहे," तो फुसफुसला. "बोलली. म्हणाली, पायाला... मासळीचा वास येतोय."

आणि आकांनी त्याच्या थोबाडीत मारली.

"मेल्या, चालत कशाला आलास! धावत यायला काय झालं होतं तुला? शीळ कुठे गेली तुझी? दोन वर्षं कान किटवलेस शीळ घालून घालून, आणि आज तोंड शिवलं होतं का?" दुसरी बसली, मग तिसरी, पण तिसरीत जोर नव्हता. आका त्याच्या खांद्यावर कोसळल्या आणि मग रडल्या. ओसरीवरच्या बायका रडत होत्या आणि हसत होत्या आणि कुणाचं काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. दोरकस नवऱ्याच्या पाठीत बुक्क्या घालत होती.

जरा वेळाने आवाज खाली आल्यावर एनोसा म्हणाला, "आका, ती बाटली मी—"

"ठाऊक आहे," आका म्हणाल्या. त्याचा हात अजून त्यांच्या हातात होता. त्या हाताची सुजलेली बोटं त्यांनी उलटून पाहिली. "आंबट कमी आहे म्हणून कुणी सांगितलं होतं? मीच ना? तेव्हा कुठे गेली होती माझी अक्कल?" त्यांनी नाक पुसलं. "उद्या कापडं ह्याच हाताने काढायची. मी बाजूला उभी राहीन. आणि कुणी विचारलं की नमास का नाही, तर मला सांगायचं, मी देते उत्तर."

लांबून हेलिकॉप्टरचा आवाज यायला लागला होता. सगळे अंगणात उतरून आभाळाकडे बघू लागले.

"आता उठ," आका म्हणाल्या. "दुकानदाराला चर्चमधून ओढून काढ. दुकान उघडायला लाव आणि आधी त्या पाइपात बाटली ठेव. पोरं अजून उताराशीच खेळतायत."

एनोसा उठला. चालत गेला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण रस्त्यावर माणसं उभी होती, दारांत बायका उभ्या होत्या, रडणं ऐकून निम्मं बेट बाहेर आलं होतं आणि तो फाटकातून बाहेर पडताच सगळे त्याच्याकडे बघू लागले.

तो धावत गेला.